वाळूच्या पेटीतील जग

मनात काय सलते ते शब्दांत सांगणे मोठ्या माणसालाही सहज साधत नाही. मग सहा-सात वर्षांच्या मुलाची काय कथा? ‘तुला काय झाले?’ असे विचारले की ते खाली पाहते, नाहीतर विचारणाऱ्याला रुचेल तेवढेच बोलते.

अशा मुलांसाठी डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२८ साली लंडनमध्ये एक चिकित्सालय उघडले. एच. जी. वेल्स यांचे जमिनीवरील खेळांविषयीचे पुस्तक त्यांनी वाचलेले होते. त्यावरून त्यांनी माणसे, जनावरे, घरे, झाडे, कुंपणे अशा चिमुकल्या वस्तू गोळा केल्या. जवळच वाळूची उथळ पेटी आणि पाणी असे. मुले आपण होऊन ती खेळणी वाळूत नेऊन मांडू लागली, आणि त्यातून उपचाराची एक पद्धतच उभी राहिली. तिचे श्रेय बाई मुलांनाच देत.

वाळूचा गुण असा की ती हाताला विरोध करीत नाही. ती ओतता येते, थापता येते, तीत एखादी वस्तू पुरून पुन्हा उकरून काढता येते. चुकले तर हात फिरवावा, की सारे पूर्ववत. शाळेच्या पाटीवर ही मुभा क्वचितच मिळते!

समजा, एखाद्या मुलाने घर मांडले आणि सभोवार कुंपण घातले, पण फाटक कोठेच ठेवले नाही. उतावळा सल्लागार म्हणेल, ‘तू घाबरलेला आहेस.’ जाणता सल्लागार एवढेच विचारील, ‘ह्या घरात कोण राहते?’ अर्थ आपल्या पदरचा लादायचा नाही, हा लोवेनफेल्डबाईंचा कटाक्ष होता. सारी कसोटी येथेच आहे. कारण एकदा चुकीचे नाव दिले गेले की मूल मिटते, आणि पुन्हा उघडेलच असा भरवसा नसतो.

स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ १९५६ मध्ये त्यांच्याकडे शिकल्या. काल्फबाईंच्या पेटीचा तळ निळा असे. वाळू बाजूला सारली की नदी किंवा समुद्र दिसावा म्हणून. पुढे हायाओ कावाई यांनी १९६५ मध्ये ही पद्धत जपानात नेली. तबकात लहानसा देखावा रचण्याची ‘हाकोनिवा’ ही परंपरा तेथे होतीच, त्यामुळे ती लवकर रुजली.

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात, त्यावर मावळे मांडतात, अळीव पेरतात. नाते जवळचे खरे. पण किल्ला शेजाऱ्यांनी पाहावा म्हणून असतो, त्याला बक्षीसही मिळते. वाळूच्या पेटीला बक्षीस नाही आणि प्रेक्षकही एकच. शिवाय खेळ मांडला म्हणजे उपचार झाला, असेही नव्हे. त्या प्रेक्षकाला पुष्कळ शिकावे लागते.

मुलाने रचलेले जग त्याच्यादेखत मोडायचे नाही, असा काल्फबाईंच्या पद्धतीत दंडक आहे. मूल घरी गेल्यावर त्या मांडणीचे छायाचित्र घेतात, आणि मगच वाळू सपाट करतात.