असं का होतं? : बादलीतलं खोल पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं बांधलेले जुने तलाव आणि मधून वाहणारी वैनगंगा. रांगत्या बाळाला बुडायला मात्र न्हाणीतली बादलीही पुरते. त्याचं डोकं अंगाच्या मानानं जड. वाकून बघताना कलंडलं की हातांत स्वतःला वर ढकलायचं बळ नसतं. आवाजही होत नाही.

फुप्फुसात पाणी बहुधा थोडंच शिरतं. खरी उपासमार होते मेंदूची, प्राणवायूविना. हृदय त्यानंतर थांबतं. म्हणून बाळाला उलटं धरणं, पोट दाबणं (गर्दीतला हमखास सल्ला!) व्यर्थच, ओकारी श्वासनलिकेत जाते ती वेगळीच. श्वास बंद असेल तर बाळाचं नाक-तोंड आपल्या तोंडानं झाकून आधी पाचदा हलकेच फुंकायचं, छाती वर येईल इतकंच. मग छातीच्या मधोमध ३० दाब, सुमारे ४ सेंटिमीटर खोल, २ फुंकर, पुन्हा दाब. तोवर दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा.

बाळ रडू लागलं तरी दवाखाना टळत नाही. फुप्फुसातल्या इवल्या फुग्यांना आतून साबणासारखा थर असतो. पाण्यानं तो बिघडला की फुगे मिटू लागतात, कधी काही तासांनी. डॉक्टर म्हणूनच बाळाच्या पावलाला प्राणवायू मोजणारं यंत्र लावून त्याला सहा-आठ तास नजरेखाली ठेवतात.