एका सामन्याचा हंगाम

सप्टेंबरातली सकाळ. रात्रभर पाऊस लागून मैदानाच्या मधोमध डबकं साचलंय आणि माळीबुवा पाटीपाटीनं मुरूम टाकून ते बुजवतायत. फक्कीच्या रेषा निम्म्या वाहून गेल्यात. आकुर्डीकडच्या एका अभियांत्रिकी कॉलेजची पोरं गोलपोस्टमागे बसून बुटाच्या नाड्या आवळतायत. अठरांपैकी चौदा आलीत; चौघं इनसेम म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेच्या धास्तीनं हॉस्टेलवरच राहिली. जर्सी दोन बॅचमागच्या. सहा नंबर दोघांच्या पाठीवर निघाला, तेव्हा पीडी सरांनी, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी, पांढरी चिकटपट्टी लावून एकाचे सोळा केले. साडेअकराला सगळं आटोपतं. पोरं टायब्रेकरमध्ये हरतात, सरांच्या खिशातून वडापाव खातात आणि बसस्टॉपवर पांगतात. त्यांचा यंदाचा फुटबॉल संपला.

पिंपरी-चिंचवडच्या कॉलेज फुटबॉलची गोष्ट सांगायची तर ती अशी एका सकाळीत मावते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. कॉलेजांची आधी विभागवार आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय फेरीत जातो. कागदावर शिडी चोख आहे. मेख खालच्या पायरीवर आहे. तिथे खेळ बाद पद्धतीनं चालतो, आणि बाद पद्धतीचं गणित निर्दय असतं. 32 संघ उतरले तर 31 सामन्यांत विजेता ठरतो, पण 16 संघ एकच सामना खेळून घरी जातात. आयोजक कॉलेजच्या दृष्टीनं ही सोय उत्तम: मैदान थोडेच दिवस अडतं, पंचांचं मानधन वाचतं, तासिका बुडत नाहीत. खेळाडूच्या वाट्याला मात्र स्पर्धा येते, हंगाम येत नाही.

हंगाम म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या कॉलेजांकडे पाहिलं की कळतं. त्यांचा फुटबॉल वेगळा, अंडाकृती चेंडूचा. पण तिथल्या तिसऱ्या डिव्हिजनचा नियम आपल्या कामाचा आहे. या डिव्हिजनमधल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरं शिकायला येतात आणि हौसेनं खेळतात. तरी जवळपासची कॉलेजं मिळून एक कॉन्फरन्स करतात, वेळापत्रक आधीच छापतात आणि शरदात प्रत्येक संघ साधारण दहा सामने खेळतो. पहिले तीन हरलेला संघही चौथ्या शनिवारी मैदानात उतरतो. चुकायला आणि चूक सुधारायला त्याच्याकडे आठवडे असतात.

खालच्या डिव्हिजनची ही ताकद आपल्या शहराच्या वेशीवरही दिसून गेली आहे. 2007 मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढला. आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिल्या खेपेला बढती हुकली, 2009 मध्ये मिळाली. वर गेल्यावर प्रशिक्षक डेरिक परेरांच्या हाताखाली पहिल्याच हंगामात हा संघ देशात तिसरा आला आणि 2012-13 मध्ये उपविजेता. देहूरोडच्या अलीकडे मामुर्डीत त्यांची अकादमी होती. तिच्या पोरांनी वीस वर्षांखालील आय-लीग जिंकून दाखवली. चिंचवड-निगडीच्या पालकांना पहिल्यांदाच रिक्षाच्या अंतरावर अशी जागा दिसली, जिथे मूल निव्वळ फुटबॉलसाठी राहतं.

पुढे काय झालं? 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिथे जागा विकत मिळत होती, खालून जिंकत वर जायची वाटच नव्हती. ती वाट उघडायला 2023 उजाडलं. दरम्यान पुणे एफसी बंद पडला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळून आटोपला, डीएसके शिवाजीयन्स दोन हंगामांनी आय-लीगमधून बाहेर पडला, आणि 2019 मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादनं घेतली. बालेवाडीच्या एकाच स्टेडियमनं पाच वर्षांत चार संघ जाताना पाहिले. पैसा चौघांच्याही मागे होता. ज्यांच्या घरातली पोरं तिथे खेळतात असे प्रेक्षक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

कोल्हापुरात याच्या नेमकं उलट घडलं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमी आपापल्या पेठेचे संघ उतरवतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) वरिष्ठ गटात 16 संघ साखळी खेळतात आणि तळाच्यांना खाली घसरायची भीती असते. त्यामुळे तळातल्या दोन संघांच्या सामन्यालाही शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच मातीतला. मालक बदलल्यानं पेठ दुसऱ्या गावी जात नाही.

चिंचवडला तालमीचा असा फुटबॉल नाही. हे गाव 1960 नंतर कारखान्यांभोवती वाढलं, माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून आली. पण पेठेची जागा घेऊ शकेल असं एक ठिकाण इथे आहे, ते म्हणजे कॉलेज. आकुर्डी, निगडी, पिंपरी, चिंचवड या पट्ट्यात डझनभर कॉलेजं एकमेकांपासून दुचाकीनं वीस मिनिटांवर आहेत. खेळायची भूक किती आहे, ते रावेत-वाकडच्या टर्फवर रात्री अकराला पाहावं: तीच पोरं वर्गणी काढून तासाचं भाडं भरत असतात. शासकीय नोकऱ्यांतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे डोळा ठेवून खेळणारेही आहेत, पण त्यांना लागणारं प्रमाणपत्र वरच्या पायऱ्यांवर मिळतं. एका सामन्यात बाद होणारा तिथवर पोचणार कसा?

हिशेब अगदी सोपा आहे. आठ कॉलेजांनी एकेरी साखळी खेळायची ठरवली तर 28 सामने होतात. रविवारी चार धरले तर सात रविवार. जुलै-ऑगस्टात, इनसेमच्या आधी, विद्यापीठाच्या स्पर्धेची तयारी म्हणून हे बसतं. लागतं एक मैदान, दोन पंच, प्रथमोपचाराची पेटी आणि भिंतीवर चिकटवलेला गुणतक्ता. प्रत्येक संघाच्या वाट्याला सात सामने येतात, आज पहिल्याच सामन्यात बाद होणाऱ्याला मिळतो त्याच्या सातपट खेळ. आठवा येणाऱ्यालाही.

तेव्हा आठ कॉलेजांच्या पीडी सरांना विनंती एवढीच, की या दिवाळीच्या सुट्टीत एकदा चहाला बसा आणि पुढच्या जुलैचं वेळापत्रक लिहून काढा. जर्सीवर चिकटपट्टी असली तरी चालेल.