चतुःसीमेतला शेजार

घर बांधण्याविषयी आपल्याकडे म्हण आहे; घर विकण्याविषयी नाही. विक्रीचे शहाणपण कागदांत साठलेले आहे. जुन्या जालन्यातल्या एखाद्या चार खणी घराचे खरेदीखत वाचायला घ्यावे. आधी लिहून घेणार आणि लिहून देणार यांची नावे, मग मोबदला आणि तो कसा पोहोचला याचा तपशील, आणि त्यानंतर मिळकतीचे वर्णन. या वर्णनात चार ओळी असतात: पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस तमुक यांचे, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस आणखी कोणाचे परसू. हीच चतुःसीमा. या ओळी बहुधा मागच्या कागदावरून उतरवून घेतल्या जातात आणि घेणारा त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. पण घर शेजाऱ्यांच्या नावांनी ओळखायचे, ही फार जुनी कल्पना त्यांत शिल्लक आहे.

जालन्यात ही नावे एका जातीची, एका धर्माची राहिली नाहीत, याला शहराची घडण कारण आहे. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद. बाजारपेठेने मारवाडी आणि गुजराती व्यापारी आणले, हैदराबाद कंटिंजंटच्या छावणीने शिपाई आणि त्यांच्यामागून येणारे कारागीर आणले. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि कापसाचा व्यापार वाढला. पुढे बियाणे आणि पोलाद आले. ‘जालना सोने का पालना’ असे लोक म्हणत आले, ते उगाच नव्हे. सोन्याच्या या पाळण्यात जागा मात्र थोडी होती. म्हणून एकाच गल्लीत मशिदीची भिंत, जैन घराचा ओटा आणि मराठा कुटुंबाचे माळवद लागून लागून आले.

१९४८ पूर्वीचा कागद निघाला तर तो बहुधा उर्दूत असतो; हैदराबाद राज्यात १८८४ पासून फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली होती. अशा कागदाला कबाला म्हणत. त्यातले साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. किंमत हाली सिक्क्यात असते. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब धरला नाही तर जुन्या किमतीचा अंदाज चुकतो. आणि चतुःसीमेच्या जागी असते ‘हुदूद-ए-अरबा’, म्हणजे चार हद्दी. भाषा बदलली, राज्य बदलले, चार ओळी तशाच राहिल्या.

त्या राहिल्या, कारण घरेच तशी होती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे सपाट माळवद. दोन घरांत पुष्कळदा एकच सामाईक भिंत, तिच्यात दोन्हीकडच्या तुळयांची टोके. माझ्या माळवदाचे पाणी पन्हाळीतून तुझ्या बोळात पडणार आणि तुझी खिडकी माझ्या अंगणात उघडणार. अशी वहिवाट वीस वर्षे उघडपणे आणि अखंड चालली, तर कायदाही ती हक्क म्हणून मानतो. म्हणजे अशा घराची खरेदी ही थोडीबहुत शेजाऱ्याचीही खरेदी असते.

मग विक्रीत शेजाऱ्याला काही बोलता यावे का? या प्रश्नाला आपल्या भागात दोन जुनी उत्तरे आहेत. पहिले विज्ञानेश्वराचे. चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, त्याने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. जमीन हस्तांतरित होताना गाव, ज्ञाती, शेजारी आणि दायाद यांची अनुमती असावी, असे एक जुने वचन तिथे चर्चेला आले आहे. शेजाऱ्याची अनुमती कशासाठी, हे तो नेमके सांगतो: हद्दीविषयी पुढे वाद उरू नये म्हणून. शेजाऱ्याला त्याने अडवण्याचा अधिकार दिला नाही. साक्षीचे स्थान दिले.

दुसरे उत्तर मुस्लिम कायद्यातले, शुफ्याचे. सहमालक, वाट-पाण्यात भागीदार असलेला आणि लगतचा शेजारी, अशा तिघांना क्रमाने ती मिळकत त्याच किमतीला आधी घेण्याचा हक्क. अट मात्र कडक होती. विक्रीची बातमी कानावर पडताच मागणी बोलून दाखवायची आणि मग ती साक्षीदारांसमोर पुन्हा करायची; विलंब झाला की हक्क गेला. इथे शेजारी साक्षीदार राहत नाही, तो खरेदीदाराची जागा घेऊ शकतो. हैदराबाद राज्यातल्या न्यायालयांत असे दावे चालत.

राज्यघटना आल्यावर हा हक्क कसोटीला लागला. केवळ शेजारी म्हणून असलेला शुफा हैदराबाद उच्च न्यायालयाने अमान्य केला, आणि १९६२ साली ‘भाऊ राम विरुद्ध बैज नाथ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तोच निष्कर्ष काढला. सहमालकाचा हक्क टिकला, शेजाऱ्याचा गेला. त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. एका जातीचे, एका पंथाचे लोक घोळक्याने राहत तेव्हा परक्याला बाहेर ठेवण्यासाठी या हक्काचा काही उपयोग असेल. धर्म, वंश, जात यांवरून भेदभाव वर्ज्य मानणाऱ्या घटनेखाली तो समर्थनीय नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय आहे.

कागदावर विक्रेता मोकळा झाला. गल्लीत तो तितका मोकळा नाही. छोटे घर विकायला निघाले की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. ‘गिऱ्हाईक कोण आहे?’ हा असतो. सरकारचा रेडी रेकनर दर ठरवताना घेणाऱ्याचे आडनाव पाहत नाही, दलाल पाहतो. एका आडनावाला घर दाखवलेच जात नाही, दुसऱ्याला ‘इसार झाला’ असे सांगितले जाते. कायद्याने काढून घेतलेला शुफा असा मागच्या दाराने परत येतो, आणि तोही फुकट; जुन्या शुफ्यात निदान पूर्ण किंमत मोजावी लागे.

हे जालन्यापुरते नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने घर घेतले, तेव्हा गौरेतरांना घर न देण्याच्या शेजाऱ्यांच्या आपसातल्या करारावर बोट ठेवले गेले. मे १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालये असे करार अमलात आणणार नाहीत. करार बेकायदा ठरला नाही. त्याच्या हातातली काठी गेली. आपल्याकडे २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा उपविधी मान्य केला. म्हणजे सोसायटीत हा दरवाजा नियमानेही बंद होऊ शकतो. स्वतःच्या जागेवरच्या छोट्या घराला ना उपविधी, ना समिती. तिथे निर्णय एकट्या विकणाऱ्याचा असतो. मिश्र वस्ती मिश्र राहील की नाही, हे अशा एकेका विक्रीत ठरते.

पण अशी घरेही आता कमी होत आहेत. दोन-तीन माळवदे एकत्र करून इमारत उठते आणि नव्या कागदात चतुःसीमा अशी येते: पूर्वेस जिना, पश्चिमेस फ्लॅट क्रमांक अमुक, उत्तरेस मोकळी जागा. चारही दिशांना माणूस नाही. वास्तविक १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ शहरातल्या घरांचे वर्णन रस्त्याच्या दिशेने, क्रमांकाने, तसेच सध्याच्या आणि पूर्वीच्या रहिवाशांवरून करायला सांगते.

तेव्हा ज्यांच्या घरी जुना कबाला किंवा खरेदीखत असेल त्यांनी ते जपावे, उर्दू असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे. आणि घर विकताना किंवा घेताना मसुदा पक्का होण्याआधी चार ओळी घेऊन चारही दारांशी जावे. परवानगीसाठी नाही, ती मागायची गरज नाही आणि कोणी द्यायचीही नाही. हद्द दाखवायला आणि नवे नाव सांगायला. पुढच्या कागदात ते नाव कुणाच्या तरी पूर्वेस, कुणाच्या तरी पश्चिमेस लिहिले जाणार आहे.