मैत्रिणीचं गुपित, पोरीचं ओझं

भुलाबाईचे दिवस होते. चिखलीला बहिणीकडे गेले होते. अंगणात गल्लीतल्या पोरींची गाणी रंगात आलेली, झाकलेला खाऊ ओळखायची गडबड चाललेली. आणि दहावीतली माझी भाची मात्र आत पुस्तक उघडून बसलेली. पान काही उलटत नव्हतं.

"काय गं, भांडण झालं का कुणाशी?"

"काही नाई, मावशी."

बहीण म्हणाली, "या वयात असंच. आज कट्टी, उद्या बट्टी!" आपण सगळ्याच असं म्हणतो ना?

रात्री गच्चीवर पोर बोलती झाली. तिची जिवाभावाची मैत्रीण जवळच्या खेड्यातून मानव विकासच्या निळ्या बसने शाळेत यायची. तीन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली होती, "मला जगावंसंच वाटत नाही. कुणाला सांगशील तर आईची शप्पथ!" तेव्हापासून भाची रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहायची. बसमधून मैत्रीण उतरली की मगच तिच्या जिवात जीव यायचा.

पंधरा वर्षांच्या पोरीने एवढं ओझं एकटीने वाहायचं?

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी त्या मुलीच्या घरी गेलो. तिची आई आधी चिडली, मग पदर डोळ्याला लावून रडली. सरकारी दवाखान्यात दाखवलं, समुपदेशन सुरू झालं. मैत्रीण मात्र भाचीशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. "मावशी, मी दगा दिला का गं?" भाची विचारायची. मी म्हणायचे, "नाही बाई. ती रुसायला तरी आहे ना!" दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा मधल्या सुट्टीत मैत्रिणीने मुकाट्याने डबा तिच्यापुढे सरकवला.

मैत्रिणींनो, आपल्याला काय करता येईल?

• "त्यात काय एवढं" म्हणू नका. या वयात मैत्रीण रुसली तरी जेवण जात नाही. आधी ऐका, उपदेश नंतर.

• गुपिता-गुपितातला फरक शिकवा. कुणाला कोण आवडतं, हे पोटात ठेवायचं. पण जीव द्यायची भाषा, मारहाण, कुणी नको तिथे हात लावणं, अठराच्या आत लग्न ठरणं, हे मोठ्या माणसाला सांगायचंच. ती चहाडी नव्हे.

• "बोलणारे करत नाहीत" हा गैरसमज आहे. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मन मोकळं होतं. तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध एरवीही कुलपातच ठेवा.

• 'टेलि-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे. दिवसा-रात्री केव्हाही लावा, मराठीत बोलता येतं. मुलांवर संकट असेल तर 1098. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे चौकशी करा.

भुलाबाईचा झाकलेला खाऊ पोरी अंदाजाने ओळखतात. त्यांच्या मनातलं मात्र अंदाजाने ओळखू नये. जवळ बसून विचारावं, आणि त्या बोलेपर्यंत थांबावं.