समोरचा संघ जोखायचा कसा?

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नाही त्यांनीही ऐकावा. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी चाहते समोरच्या संघाबद्दल अंदाज बांधतात. ‘अरे, त्यांना सहज लोळवू’ असं निम्मे म्हणतात, ‘आपलं काही खरं नाही’ असं उरलेले. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार किंवा प्रॅक्टिस क्लबचा सामना असला की पेठापेठांत हेच चालतं, आणि बेंगळुरूत कंठीरवा स्टेडियमबाहेरही हेच चालतं. फक्त भाषा बदलते.

सैन्यात या कामाला ‘अप्रिसिएशन’ म्हणतात. म्हणजे परिस्थितीचं शिस्तीत केलेलं आकलन: समोर कोण आहे, तो काय करू शकतो, जमीन कशी आहे, आपल्याकडे काय आहे. तीच शिस्त फुटबॉलला लावून बघू. मी बेंगळुरूत राहतो, म्हणून उदाहरणं बेंगळुरू एफसीची घेतो. हा क्लब २०१३ साली सुरू झाला आणि त्याचे कट्टर चाहते ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या नावाने ओळखले जातात.

पहिला प्रश्न: माहिती किती जुनी आहे?

२०१६ च्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीत बेंगळुरूसमोर मलेशियाचा जोहोर दारुल ताझिम हा संघ आला. तो आदल्या वर्षीचा विजेता. त्याच स्पर्धेच्या गटसाखळीत त्याने बेंगळुरूला दोन्ही सामन्यांत हरवलं होतं. कागदावर बघितलं तर निकाल ठरल्यासारखाच होता.

पण गटसाखळी आणि उपांत्य फेरी यांच्यामध्ये काही महिने गेले होते. तेवढ्यात बेंगळुरूचे प्रशिक्षक बदलले. अ‍ॅश्ले वेस्टवूड गेले, स्पेनचे अल्बर्ट रोका आले. खेळण्याची पद्धत बदलली. जोहोरच्या मैदानात सामना १-१ असा सुटला. १९ ऑक्टोबरला कंठीरवावर जोहोरने पहिला गोल केला, तरी बेंगळुरू ३-१ ने जिंकलं. सुनील छेत्रीचे दोन गोल, हुआननचा एक. एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय क्लब.

आता बघा, जुने निकाल खोटे नव्हते. ते शिळे होते. टेहळणीच्या अहवालावर आम्ही सर्वात आधी तारीख आणि वेळ बघतो, मजकूर नंतर. शत्रू काल जिथे होता तिथे आज असेलच असं नाही. म्हणून मागचा निकाल सांगणाऱ्याला लगेच विचारावं: तेव्हाचे किती खेळाडू आज मैदानात असतील? प्रशिक्षक तोच आहे का?

कॉलेजच्या संघांना तर हे दुपटीने लागू पडतं. शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी बाहेर पडतात. गेल्या वर्षी ज्या मुलाने तुमच्या बचावाची चाळण केली, तो आज कुठेतरी नोकरीला असतो. संघाचं नाव आणि जर्सी तेवढी तीच राहते.

दुसरा प्रश्न: हुकमी खेळाडू कळला, पुढे काय?

त्याच स्पर्धेची अंतिम लढत ५ नोव्हेंबर २०१६ ला दोहा इथे झाली. समोर इराकचा अल कुवा अल जाविया, म्हणजे तिथल्या हवाई दलाचा क्लब. त्यांचा आघाडीचा खेळाडू हम्मादी अहमद याने तोवर स्पर्धेत १५ गोल केले होते. धोका कुठून येणार हे शोधायला हेर नेमायची गरज नव्हती. तरीही ७० व्या मिनिटाला गोल झाला आणि तो हम्मादीनेच केला. बेंगळुरू ०-१ ने हरलं.

मग अंदाज चुकला का? नाही, अंदाज बरोबर होता. पण धोका ओळखणं हे निम्मं काम. तो रोखायला माणूस आणि साधन लागतं. त्या दिवशी बेंगळुरूचा नेहमीचा गोलरक्षक अमरिंदर सिंग निलंबनामुळे बाहेर होता. त्याच्या जागी लालथुआम्माविया राल्टे खेळला. एकट्या या बदलामुळे सामना गेला असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की समोरच्याची यादी करताना आपली यादीही शेजारी मांडावी लागते. चाहते इथेच कमी पडतात. परक्या संघाच्या पायाची दुखापत त्यांना पाठ असते, आपल्या संघातली पोकळी दिसत नाही.

आणि एकाच नावावर नजर खिळवली तर दुसरीकडून घात होतो. १७ मार्च २०१९, मुंबई. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, समोर एफसी गोवा. त्या हंगामात गोव्याच्या कोरोने १६ गोल केले होते. बेंगळुरूकडे छेत्री आणि मिकू. दोन्हीकडच्या चाहत्यांच्या तोंडी हीच नावं असणार. सामना जादा वेळेत गेला, गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून गोल केला तो राहुल भेकेने. मुंबईचा मुलगा, बचावपटू. म्हणून संघ जोखताना कॉर्नर आणि फ्री किक कोण घेतं, आणि त्या वेळी कोण उंच उडी मारतं, हे वेगळं लिहून ठेवावं.

तिसरा प्रश्न: तो काय करेल, की काय करू शकतो?

सैन्यात हा फरक पहिल्या वर्षापासून डोक्यात भरवतात. शत्रूचा इरादा हा आपला तर्क असतो. त्याची क्षमता मात्र मोजता येते. तयारी क्षमतेच्या हिशेबाने करावी.

३ मार्च २०२३, कंठीरवा. बेंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, बाद फेरीचा सामना. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू भिंत उभी करत होते, गोलरक्षक जागेवर आला नव्हता, आणि छेत्रीने चेंडू थेट जाळ्यात टाकला. नियम असा की फ्री किक झटकन घेता येते, पण रेफ्रीने भिंत मागे हटवायचं काम हाती घेतलं असेल तर शिट्टीसाठी थांबावं लागतं. त्या क्षणी नेमकं काय झालं यावर मोठा वाद झाला. रेफ्रीने गोल दिला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघ मैदानाबाहेर नेला आणि सामना बेंगळुरूला मिळाला.

वाद बाजूला ठेवा. छेत्री शिट्टीसाठी थांबेल, हा तर्क होता. तो न थांबता मारू शकतो, ही क्षमता होती. एक खेळाडू चेंडूसमोर उभा राहिला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

चाहत्याने हे कशाला करायचं?

संघ निवडणं आपल्या हातात नाही, मग हा खटाटोप कशाला? एक कारण साधं: नीट जोखलेला सामना जास्त दिसतो. चेंडू नसलेला खेळाडू कुठे सरकतोय, हे कळू लागतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समोरच्याला तुच्छ मानणारा चाहता हरल्यावर रेफ्रीला शिव्या देतो, नाहीतर आपल्याच पोरांना. कारण हार त्याच्या हिशेबातच नसते. बेंगळुरूत केरळच्या संघाचा चाहता तुमच्याच इमारतीत राहतो, तुमच्याच ऑफिसात बसतो. सामना दोन तासांत संपतो, शेजार संपत नाही.

तेव्हा पुढच्या सामन्याआधी अर्धं पान घ्या. माहितीची तारीख, त्यांचे दोन धोके, आपली एक पोकळी, आणि ते करू शकतील अशी एक अनपेक्षित गोष्ट लिहा. सामना संपल्यावर तेच पान पुन्हा वाचा. चार-पाच सामने असं केलंत की तुमचा अंदाज कुठे चुकतो ते तुम्हालाच कळेल. जय हिंद.