मानसिक आजार: नोकरीच्या ठिकाणी सांगावा की नाही?

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या नोकरदारापुढे एक प्रश्न सतत उभा असतो. आपल्या आजाराची कल्पना वरिष्ठांना द्यावी की देऊ नये? सांगितल्यास बढती आणि सहकाऱ्यांची वागणूक यांवर परिणाम होण्याची धास्ती असते. न सांगितल्यास आजारामुळे घडलेली चूक बेशिस्त ठरण्याचा धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी दिलेल्या एका निकालात या पेचाची दखल घेतली होती.

काय होते प्रकरण?

केंद्रीय राखीव पोलीस दलात २००१ मध्ये रुजू झालेले अधिकारी रविंदर कुमार धारिवाल यांना २००९ पासून नैराश्य आणि मंत्रचळ, म्हणजेच एकच विचार वा कृती पुन्हा पुन्हा लादली जाण्याचा विकार, यांचा त्रास सुरू झाला. २०१० मध्ये अजमेर येथे असताना त्यांच्या वर्तनाविषयी तक्रार झाली. त्यानंतर त्यांना निलंबित करण्यात आले आणि विभागीय चौकशी सुरू झाली. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने ही कारवाई भेदभावाची ठरवून रद्द केली. सध्याच्या कामासाठी ते अयोग्य ठरल्यास वेतन व सेवाशर्ती कायम ठेवून त्यांना पर्यायी पद मिळावे, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

अनेकांना स्वतःच्या मानसिक आजाराची जाणीवच नसते, आणि ज्यांना ती असते तेही सामाजिक कलंकाच्या भीतीने गैरवर्तनाचा आरोप होईपर्यंत मौन पाळतात, असे निरीक्षण खंडपीठाने नोंदवले. म्हणूनच, अशा कारवाईमागे आजार हे एकमेव कारण नसून अनेकांपैकी एक कारण असले तरी संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र धारिवाल यांना हा न्याय मिळेपर्यंत अकरा वर्षे उलटली होती.

सांगणे बंधनकारक आहे काय?

सर्वसाधारण नोकरीत स्वतःहून आजार जाहीर करण्याची सक्ती नाही. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश किंवा इतरांच्या जीवाला धोका, असे मोजके अपवाद त्यास आहेत. मात्र नियुक्तीच्या अर्जात थेट विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देणे ही वेगळी बाब असून ती पुढे अडचणीची ठरू शकते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने नोकरी देऊ करण्यापूर्वी प्रकृतीविषयी प्रश्न विचारण्यावरच मर्यादा घातली आहे.

इतरांचे प्राण ज्यांच्या हाती असतात त्यांचे नियम अधिक कडक असतात. २४ मार्च २०१५ रोजी सहवैमानिकाने आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर विमान कोसळवल्याने १५० जण मृत्युमुखी पडले. त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. परवाना व उत्पन्न गमावण्याची भीती वैमानिकांना मौनाकडे ढकलते, याकडे तपास अहवालानेही लक्ष वेधले होते.

सांगितल्याने काय मिळते?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दीर्घकालीन व गंभीर मानसिक आजाराचा समावेश आहे. तात्पुरता ताण त्यात मोडत नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकण्यास किंवा पदावनत करण्यास शासकीय आस्थापनांना मनाई आहे. अधिसूचनेद्वारे काही आस्थापनांना सूट देण्याची तरतूदही कायद्यात आहे. खासगी क्षेत्रात संरक्षण तुलनेने तोकडे आहे. तरीही प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे आवश्यक असून वीस किंवा अधिक कर्मचारी असल्यास संपर्क अधिकारी नेमावा लागतो.

कामाच्या वेळेत बदल, रात्रपाळीतून सूट किंवा उपचारासाठी रजा हवी असेल, तर मागणी केल्याशिवाय ती मिळणे कठीण असते. अशा वेळी निदानाचा संपूर्ण तपशील देण्याऐवजी कोणती सोय हवी, एवढेच नमूद करणारे वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. अर्ज लेखी करून त्याची पोच घेणे हिताचे ठरते. पुढे वाद उद्भवल्यास आस्थापनेला पूर्वकल्पना होती, हे त्यातून सिद्ध होते.

लहान गावात प्रश्न अधिक बिकट

उत्तर प्रदेशातील झाशी जिल्ह्यात बेतवा नदीकाठी वसलेल्या एरचसारख्या लहान गावालाही महानगराइतकाच हा कायदा लागू आहे. परंतु जेथे मालक आणि कामगार शेजारी वा नातलग असतात, तेथे कार्यालयात सांगितलेली गोष्ट घरोघरी पोहोचण्यास वेळ लागत नाही. अशा ठिकाणी कोणाला सांगावे, हा प्रश्न काय सांगावे याहून महत्त्वाचा ठरतो. निर्णयापूर्वी सल्ला हवा असल्यास ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर गावाबाहेरील समुपदेशकाशी बोलता येते.

सांगण्याचा अधिकार कर्मचाऱ्याचा आहे आणि न सांगण्याचाही. मात्र सोय हवी असेल तर चूक घडण्यापूर्वी, आवश्यक तेवढेच आणि योग्य व्यक्तीला लेखी सांगणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग ठरतो.