निवेदक कुणाशी बोलतो?

संगीताच्या रेडिओ कार्यक्रमांची तुलना सुरू झाली की बोलणं ठरलेल्या वळणाने जातं. अमीन सयानींच्या आवाजात जादू होती, विविध भारतीची भाषा सोज्वळ, आणि एफएमवरची मंडळी गाण्यापेक्षा स्वतःच जास्त बोलतात. या निवाड्यात आवडनिवड कळते, पण एकाच देशात, बहुतांशी त्याच हिंदी चित्रपटगीतांभोवती, निवेदनाच्या इतक्या वेगळ्या तऱ्हा का तयार झाल्या, हे कळत नाही. त्याचं कारण निवेदकाच्या गळ्यात किंवा त्याच्या पिढीच्या संस्कारांत शोधायची आपल्याला सवय आहे. मला ते दुसरीकडे दिसतं. श्रोत्याचं उत्तर निवेदकापर्यंत कोणत्या वाटेने येतं, यावर त्याचं बोलणं घडत जातं. पत्राने उत्तर मिळवणारा एका तऱ्हेने बोलतो, फर्माईशीच्या कार्डाने मिळवणारा दुसऱ्या तऱ्हेने, आणि श्रोतृसंख्येच्या आकड्यांवर ज्याची नोकरी टिकते तो तिसऱ्याच तऱ्हेने. श्रोत्यांना कोणता कार्यक्रम का जवळचा वाटला, याचा उलगडाही याच धाग्याने बराचसा होतो.

सुरुवात १९५२ पासून करावी लागते. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा ध्यास घेतलेल्या या मराठी माणसाला चित्रपटगीतं ही अभिरुचीची घसरण वाटत होती. आकाशवाणीवरचा त्या गाण्यांचा वेळ कमी झाला. गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, अशीही भूमिका घेतली गेली. निर्माते चिडले, गाण्यांचे हक्क आकाशवाणीकडून काढून घेतले गेले आणि ऐकणारे रेडिओची सुई फिरवत कोलंबोला पोहोचले. रेडिओ सिलोनकडे महायुद्धाच्या काळातली ताकदवान लघुलहरी यंत्रणा होती, जाहिराती घ्यायला मोकळीक होती आणि हिंदी गाण्यांना मज्जाव नव्हता. ३ डिसेंबर १९५२ रोजी तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा वयाची वीस वर्षंही पुरी न केलेले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि फिती कोलंबोला जायच्या. सुरुवातीला गाणी सातच असत, कोणताही क्रम न लावता वाजवलेली. लोकप्रियतेचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा आणि बरोबर उत्तराला शंभर रुपयांचं बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रं आली. पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांच्या घरात गेला.

इतकी पत्रं तपासणं माणसांच्या आवाक्यातलं राहिलं नाही. स्पर्धा बंद झाली आणि १९५४ पासून खालून वर चढत जाणारी क्रमवारी आली. हा बदल वरवर सोयीचा दिसतो, पण गीतमालेची शैली यातूनच घडली. बुधवारी रात्री आठला जे वाजणार ते बहुतेकांना तोंडपाठ असायचं. पाठ नसायचा तो क्रमांक. म्हणून सयानींनी क्रमांकांची पायऱ्या चढण्या-उतरण्याची गोष्ट केली, प्रत्येक क्रमांकाला ‘पायदान’ म्हटलं. गेल्या आठवड्यात अमुक गाणं तिसऱ्या पायदानवर होतं, आज एक पायरी घसरलं, आणि त्याला धक्का देऊन वर कोण गेलं ते आता ऐका, अशा बेताने वाक्य गाण्याच्या अगदी तोंडाशी आणून सोडायचं. ठरावीक मुदत यादीत टिकलेल्या गाण्याला ‘सरताज’ म्हणून मानाने निरोप द्यायचा. यामुळे गाण्यांना नशीब आलं, चढउतार आले, चाहते आणि प्रतिस्पर्धी आले. क्रमवारीचा आधार सुरुवातीला ध्वनिमुद्रिकांचा खप हा होता. पण दुकानातला साठा संपला की खपाचा आकडा खोटं बोलायला लागतो, म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतंही जमेस धरली जाऊ लागली. म्हणजे सयानी ज्यांच्याशी बोलत होते त्यांचा हात त्या यादीवरून फिरलेला होता. ‘बहनो और भाइयो’ या संबोधनातली आपुलकी खोटी वाटत नव्हती, कारण तिच्यामागे खरोखरचा टपालाचा व्यवहार होता. त्या संबोधनात बहिणी आधी येतात, हेही त्या काळाच्या मानाने लक्षात घेण्यासारखं.

त्यांच्या भाषेची जडणघडणही इथे सांगायला हवी. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघे आणि त्याची भाषा गांधीजींना हवी असलेली साधी हिंदुस्तानी असे. त्या कामात हातभार लावणाऱ्या मुलाला अवघड शब्द गाळून मजकूर कसा लिहायचा याचं शिक्षण घरीच मिळालं. आकाशवाणीची हिंदी संस्कृतप्रचुर होत असताना कोलंबोहून येणारी भाषा इराण्याच्या हॉटेलात बसलेल्या कोणालाही कळत होती. पुढे असंख्य निवेदकांनी सयानींच्या आवाजाची नक्कल केली. ती फसली, कारण त्यांनी उच्चारांचे हेलकावे उचलले आणि सोपं लिहिण्याची मेहनत सोडून दिली.

यावर तंत्राचा आक्षेप घेता येईल. लघुलहरींवर आवाज येई-जाई, खरखर असे. अशा वेळी ठासून, लयीत, मुद्द्याची गोष्ट दोनदा सांगत बोलावंच लागतं. मग शैलीचं श्रेय प्रक्षेपणाच्या दोषाला का देऊ नये? काही अंशी द्यावंच. पण त्याच कोलंबोवरून, त्याच खरखरीतून सकाळी जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि आठ वाजायच्या आत कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने संपायचा. त्यात उत्कंठा नव्हती, शेवट रोजचा ठरलेला होता आणि निवेदन मोजकं होतं. तरी घरोघरी घड्याळाऐवजी सैगलच्या सुरावर आठाचा अंदाज बांधला जाई. यंत्रणा एकच, केंद्र एकच, शैली मात्र उलट. सकाळच्या श्रोत्याकडून कोणाला कौल घ्यायचा नव्हता, त्यामुळे त्याला खेचून धरायची गरजही नव्हती. खरखर दोन्हीकडे सारखीच असल्याने हा फरक तिच्यावर ढकलता येत नाही.

सिलोनकडे वळलेला श्रोता परत आणण्यासाठी आकाशवाणीने १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू केली. तिच्या घडणीत कवी पंडित नरेंद्र शर्मा यांचा वाटा मोठा. ‘हवामहल’, ‘जयमाला’, ‘छायागीत’ ही नावं उच्चारली तरी त्या वाहिनीचा स्वभाव कळतो. जाहिराती तिथे १९६७ पर्यंत नव्हत्या. श्रोता इथे मत देत नव्हता, मागणी करत होता. फर्माईशीच्या कार्यक्रमात निवेदकाचं मुख्य काम नावं वाचणं. गाव, मग तिथल्या मंडळींची नावं, मग गाणं, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींच्या पट्ट्यातलं गाव देशाला माहीत झालं ते अशा याद्यांतूनच. इथे निवेदकाने स्वतःला पुढे करणं म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आलेलं पत्र आपणच उघडण्यासारखं झालं असतं. विविध भारतीच्या ज्या संयमाला आपण सरकारी थंडपणा समजतो, त्यात मला ही मर्यादा दिसते. मुंबई आकाशवाणीच्या ‘आपली आवड’नेही मराठी घरांत तीच रीत रुजवली. आपलं नाव रेडिओवर यावं म्हणून पोस्टकार्ड लिहिणाऱ्याला गाण्याइतकंच ते नाव ऐकण्याचं अप्रूप होतं.

नावं सांगण्याची ही शिस्त क्षुल्लक समजू नये. १९४९ च्या ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून कामिनी हे नाव होतं. ते पडद्यावरच्या पात्राचं. गाणं रेडिओवर वाजलं, गाते कोण हे विचारणारी पत्रं आली आणि खरं नाव जाहीर करावं लागलं. श्रोत्याच्या चौकशीने निवेदनात एक नाव शिरलं, आणि पार्श्वगायक हा स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा कलावंत होण्याच्या वाटेवरचं ते महत्त्वाचं पाऊल ठरलं. आज अनेक वाहिन्यांवर आणि ॲपवर गीतकाराचं नाव सर्रास गळतं, तेव्हा या शिस्तीची किंमत कळते. मराठी माणसाला हे जास्तच खुपायला हवं. गदिमा किंवा शांता शेळके हे गीतकार घरात पोहोचले ते पुस्तकांतून, मंचावरून आणि निवेदकाच्या तोंडूनही.

विविध भारतीवरच एक अपवाद आहे आणि तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. रात्री दहाच्या ‘छायागीत’मध्ये फर्माईश नसते. निवेदक एखादा विषय घेतो, स्वतः संहिता लिहितो, स्वतः गाणी निवडतो. त्या अर्ध्या तासात तीच संयमी माणसं एकदम वेगळी ऐकू येतात. कुणी काव्याकडे झुकतं, कुणी गप्पांकडे. फर्माईशीचं ओझं उतरलं की व्यक्तिमत्त्व वर येतं.

पहिली खासगी एफएम वाहिनी बंगळूरमध्ये जुलै २००१ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत वाहिन्यांची गर्दी झाली. पहिल्या टप्प्यातलं परवाना शुल्क दरवर्षी वाढत जाणारं होतं. तेवढा पैसा जाहिरातीतून येईना, काही वाहिन्या बंद पडल्या, आणि मग दुसऱ्या टप्प्यात महसुलातल्या वाट्याची पद्धत आली. जाहिरातदाराला श्रोते मोजून हवे असतात. २००७ पासून महानगरांत ‘रॅम’ नावाची मोजणी सुरू झाली, तिची पद्धत डायरीची. निवडलेल्या श्रोत्याने कोणत्या वेळी कोणती वाहिनी ऐकली ते लिहून ठेवायचं. ही डायरी समोर ठेवली की एफएमच्या निवेदनातल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. दर दोन गाण्यांमागे वाहिनीचं नाव आणि वारंवारता का सांगतात? लिहिणाऱ्याला ती आठवली पाहिजे म्हणून. निवेदकाला लाडकं नाव आणि ठसठशीत स्वभाव का देतात? गाणी सगळीकडे सारखीच, मग आठवणार काय, तर माणूस. बोलणं तुकड्यातुकड्यांत का? ऐकणारा गाडीत आहे आणि पुढच्या सिग्नलला वाहिनी बदलू शकतो. सयानींना श्रोता पुढच्या बुधवारपर्यंत राखायचा होता, एफएमच्या आरजेला, म्हणजे रेडिओ जॉकीला, तो पुढच्या पंधरा मिनिटांपर्यंत राखायचा असतो. त्या घाईला उथळपणा म्हणणं सोपं आहे, पण ती घाई त्यांच्या कामाच्या अटीत लिहिलेली आहे.

त्यातूनही मोलाचं काही निघालं. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. मग शहराविषयी बोलायची ऊर्मी गप्पांत आणि विडंबनात उतरली. २०१७ च्या पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांवर आरजे मलिष्काने केलेलं विडंबनगीत घराघरांत पोहोचलं आणि महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांना त्याला उत्तर द्यावंसं वाटलं. विविध भारतीच्या चौकटीत हे घडलं नसतं. मुंबई-पुण्याच्या एफएमवर मराठीत चुरचुरीत बोलून हिंदी गाणी लावण्याची वाटणी मात्र मला कायम खटकत आली आहे. श्रोत्याशी जवळीक त्याच्या भाषेत करायची आणि त्या भाषेतलं गाणं मात्र कोपऱ्यात ठेवायचं, याचं समर्थन मोजणीच्या आकड्यांनीही होऊ नये.

सगळ्यात वजनदार आक्षेप पर्यायांचा आहे. तेव्हा दुसरं काही नव्हतंच, म्हणून लोकांनी गीतमाला ऐकली. आज तेच निवेदन लावलं तर कोणी थांबणार नाही, असं म्हणता येईल. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. केसकरांच्या धोरणाने कोलंबोला श्रोते आयते मिळाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विविध भारती आल्यावर तीच गाणी देशातून, स्पष्ट आवाजात मिळू लागली, तरीही गीतमाला सिलोनवर आणखी तीन दशकं टिकली आणि १९८९ मध्ये खुद्द विविध भारतीवर आली. दुसऱ्या विधानाला बाजारानेच उत्तर दिलं आहे. २०१७ मध्ये सारेगामाने ‘कारवां’ हा संच आणला. त्यात पाच हजार गाणी भरलेली, हव्या त्या क्षणी ऐकता येणारी. निवेदकाची गरज उरू नये अशी ती रचना. त्या संचातही सयानींची गीतमाला मुद्दाम घातली गेली. हा केवळ स्मरणरंजनाचा धंदा म्हणावा, तर एफएमवर अन्नू कपूर यांचं ‘सुहाना सफर’ किंवा नीलेश मिश्रा यांची कथाकथनं का चालली? कपूर गाण्यामागचे किस्से सांगत, मिश्रा नवी गोष्ट सांगत आणि तिच्या अधेमधे गाणी येत. दोघांनीही एफएमच्या घाईच्या विरुद्ध जाऊन लांब बोलायचं धाडस केलं आणि त्यांना मोठा श्रोतृवर्ग लाभला. डायरीच्या बाजारातही सावकाश बोलणाऱ्याला जागा असते. फक्त ती वाहिनीने दिली पाहिजे.

आता उत्तराची वाट पुन्हा बदलली आहे. आरजेचं बोलणं चित्रफितीतून फिरतं आणि त्याला किती जणांनी पाहिलं याचा आकडा तासाभरात हातात येतो. त्या फितीत गाणं पुरतं वाजतच नाही, निवेदक कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो, चेहरा आवाजाच्या पुढे जातो. संगीताच्या कार्यक्रमाचा निवेदक संगीतापासून इतका दूर याआधी कधी गेला नव्हता आणि हे मला खरोखर चिंतेचं वाटतं. म्हणूनच विविध भारतीच्या ‘हॅलो फर्माईश’सारख्या कार्यक्रमाकडे तरुण निवेदकांनी लक्ष द्यावं. लहान गावातून कुणाचा तरी फोन येतो. निवेदक नाव विचारतो, काय करता विचारतो. शेती, असं उत्तर आलं की पीक कोणतं, पाऊस कसा झाला, गावात पाहण्यासारखं काय आहे. बोलणारा सुरुवातीला बिचकतो, मग खुलतो, घरातल्या सगळ्यांची नावं सांगायचा हट्ट धरतो. निवेदक त्याला घाई करत नाही आणि ती सगळी नावं घेऊन झाल्यावरच गाणं लावतो. पत्र, कार्ड आणि आकडे या तिन्हींच्या आड असलेला श्रोता इथे स्वतःच्या आवाजात बोलतो, आणि निवेदकाचं कसब त्याला प्रश्न विचारण्यात आणि त्याचं ऐकून घेण्यात लागतं.